रसायनशास्त्रासाठी आपसी बदली

शेळी सीताफळाचं पान खात नाही. बाकी सगळं खाते.

आपसी बदली पाहिजे. देणे : वनस्पतिशास्त्र. घेणे : रसायनशास्त्र. तालुका सेलू. इच्छुकांनी त्वरित संपर्क साधावा.

बरणीतल्या बेडकाने आपल्याकडे पाहिलं, असं शिवकन्येचं म्हणणं.

गडचिरोलीहून एका सरांचा फोन. पहिलाच प्रश्न : गावात पाण्याची सोय कशी आहे?

आमच्या दारात कुंडीतला अडुळसा. तो आणून देणाऱ्या बाई रडण्याच्या बेतात.

वरच्या सगळ्या गोष्टी माझ्या मुलीला फार्मसीला पाठवण्याच्या प्रयत्नात घडल्या. त्यांचा फार्मसीशी काय संबंध, असं मला पुष्कळांनी विचारलं. मी दर वेळी उत्तर द्यायला सुरुवात केली. ऐकणारा मध्येच उठून गेला, त्याला माझा इलाज नाही.

*

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळा देवगाव फाट्याच्या पुढे, घर सेलूत. शाळेत माझ्याकडे भूगोल, पोषण आहार आणि करिअर मार्गदर्शन अशी खाती आहेत. करिअर मार्गदर्शनाचं मी रीतसर प्रशिक्षण घेतलं आहे. शेवटच्या दिवशी जेवणानंतर सगळ्यांना सोडून दिलं होतं, पण प्रमाणपत्र पूर्ण मिळालं. पंचक्रोशीतली कितीतरी पोरं माझ्या सल्ल्याने मार्गी लागली. काही सल्ला न ऐकता लागली, तीही मी मोजतो.

माझी मुलगी भक्ती बारावी झाली. तिला लहानपणापासून फार्मसीला जायचं होतं. सीईटीत तिला असे गुण पडले की नंबर लागेल म्हणणारा खोटा ठरत नव्हता आणि लागणार नाही म्हणणाराही ठरत नव्हता. फार्मसीच्या प्रवेशाच्या फेऱ्या दिवाळीपर्यंत चालतात. तोवर पोरीने काय करायचं? आमच्याकडे पोर वाया गेलं तर लोक समजून घेतात, वर्ष वाया गेलेलं कुणी समजून घेत नाही. म्हणून तिला सेलूतल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला घालायचं ठरलं. फार्मसी लागली की सोडायचं, नाही लागली तर आहेच.

इथवर सगळं सरळ होतं. पण नव्या धोरणात पहिल्याच वर्षी एक विषय मेजर म्हणून निवडावा लागतो.

"कुठलाही टाका पप्पा," भक्ती म्हणाली. "फार्मसीवाले बारावी आणि सीईटी बघतात. बी.एस्सी.चं काही विचारत नाहीत."

"कुठलाही टाका, ही वृत्तीच घातक आहे," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या व्याख्यानातलं आहे. व्याख्यानात त्यावर टाळ्या पडतात. घरी भक्ती उठून कपडे वाळत घालायला गेली.

*

शेजारचे व्यंकटराव हे मोठे बागायतदार. शेत मुलाकडे सोपवून ते दिवसभर ओट्यावर बसतात आणि रस्त्याने जाणाऱ्याला सल्ला देतात. मी तर शेजारी, मला घरपोच मिळतो.

"सर, खामखा डोकं नका खाजवू," व्यंकटराव म्हणाले. "दवाई कशापासून व्हती? झाडापासून. मंग पोरीला झाडाचं शिकवा. माझी नात शिवकन्या त्याच कॉलेजात हाय. तिनं घेतलंय जनावराचं. तिच्या बापाला अक्कल न्हाई, तुमाला हाय."

बोलण्यात तर्क होता आणि माझी स्तुतीही होती. भक्तीचं मेजर वनस्पतिशास्त्र झालं.

त्या विभागात गीता मॅडम शिकवतात, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतील तेवढीच त्यांची नोकरी. त्यांनी मुलांना परिसरातल्या वनस्पती गोळा करून, वाळवून, कागदावर चिकटवून आणायला सांगितल्या. भक्तीने आपल्या आपण केल्याही. परंतु ज्या पोरीला पुढे औषधं बनवायची तिने चारचौघींएवढ्याच वनस्पती द्याव्यात, हे मला पटेना. मी शाळा सुटल्यावर फाट्याच्या आसपास हिंडून पिशवी गच्च भरली, मोटारसायकलच्या हँडलला अडकवली आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा सटवाजीची शेरडं मोटारसायकलीला घोळका करून उभी होती.

सटवाजी मेंढरं-शेरडं राखतो. त्याचा मोठा मुलगा अमृत माझा जुना विद्यार्थी, आता भक्तीच्याच कॉलेजात.

"सटवाजी! अरे काय केलं हे!"

"मी काय बी न्हाई केलं गुरुजी. शेरडायनं केलं."

"तो अभ्यासाचा पाला होता!"

"आसंल. चांगला व्हता, म्हनून खाल्ला." मग तो पिशवीत डोकावला. "सीताफळाची फांदी ठिवलीय बगा. ती न्हाई खात."

मी एका फांदीनिशी घरी आलो. दारात व्यंकटराव होतेच. त्यांनी फांदीकडे पाहिलं आणि शिवकन्येच्या आजीला हाक मारून तिलाही दाखवलं. त्या दिवशी वनस्पतिशास्त्रावरून माझं मन उडालं.

*

पोटात जळजळ सुरू झाली म्हणून परमेश्वरच्या मेडिकलवर गेलो. परमेश्वर स्वतः फार्मसी शिकलेला, म्हणजे या विषयातला अधिकारी माणूस. मी त्याला भक्तीचं सांगितलं.

"वनस्पतिशास्त्र?" तो गोळी कापता कापता म्हणाला. "सर, वर बघा पाटी. काय लिहिलंय? केमिस्ट. आता मी काय सांगू."

"पण पाटीवर तर..."

"दोन टाइम, जेवणाआधी."

रात्री मी भक्तीला म्हणालो, "आपण रसायनशास्त्र घेऊ."

"पप्पा, मी गीता मॅडमच्या तासाला जायलेय. चांगलं शिकवतात."

"चांगलं शिकवणं वेगळं आणि करिअर वेगळं."

शुभदा, म्हणजे माझी पत्नी, आतून म्हणाली, "दिवाळीपर्यंतचा प्रश्न आहे. पोरीला जरा बसू द्या एका जागी."

शुभदा बालवाडी चालवते, तिथे मेजर नसतं.

*

कॉलेजचे हेडक्लार्क आदिनाथ यांनी माझा अर्ज वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"केमिस्ट्री फुल्ल हाय, सर."

"कुणी निघालं तर?"

"कोण निघायलंय? मारामारी करून आत बसलेत."

इथे दुसरा कुणी असता तर घरी गेला असता. पण मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. ज्यांच्या घरात असा शिक्षक नाही त्यांच्यासाठी खुलासा : आम्हाला नेमणूक मिळते ती घरापासून जिल्हे ओलांडून. परत यायचं तर आपल्या गावी नेमणूक असलेला आणि आपल्या शाळेच्या गावचा असलेला, असा आपल्याइतकाच बेजार शिक्षक शोधावा लागतो. तो सापडला की दोघं जागा बदलतात. याला आपसी बदली म्हणतात. मी स्वतः तशी करून कोकणातून आलो. माझ्या जागी गेलेल्या सरांना मी दर संक्रांतीला तिळगूळ पाठवतो. सख्ख्या भावाला पाठवत नाही.

तेव्हा आदिनाथांच्या टेबलासमोर मला जे सुचलं ते इतर कुणाला सुचलं नसतं. केमिस्ट्रीतून कुणीतरी वनस्पतिशास्त्रात येईल, भक्ती त्याच्या जागी जाईल. आपसी!

"असं कधी झालं न्हाई," आदिनाथ म्हणाले.

"होऊ नये असं कुठे लिहिलंय?"

त्यांनी कपाटाकडे पाहिलं. कपाटात बरंच काही लिहिलेलं असावं, पण ते शोधायला उठावं लागलं असतं. "आणा माणूस," ते म्हणाले.

मी शिक्षकांच्या ग्रुपवर तो मजकूर टाकला, जो तुम्ही वर वाचलात. मजकुरात मुलांचा उल्लेख राहून गेला, हे मान्य. फोनवर फोन आले. गडचिरोलीचे सर सगळ्यांत चिकाटीचे. पाणी, बस, मुख्याध्यापकांचा स्वभाव, सगळं विचारून झाल्यावर मी म्हणालो, "सर, ही विषयाची बदली आहे, गावाची नाही." ते म्हणाले, "विषय कुठलाही शिकवतो. गाव सांगा."

*

बातमी गीता मॅडमपर्यंत गेली आणि त्या कुंडी घेऊन घरी आल्या.

"सर, हा अडुळसा. खोकल्याला चांगला." त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. "भक्ती जाणार म्हणे."

"फार्मसीच्या दृष्टीने बघतोय, मॅडम."

"बघा ना. पण माझ्याकडे मोजून मुलं आहेत. एक जरी कमी झालं तर वर्ग बंद करतील, मग माझे तास गेले." त्यांचे डोळे भरून आले. "कुणी तिच्या जागी येणार असेल तर माझं काही म्हणणं नाही. आणि अडुळशाला रोज पाणी नका घालू."

आता मात्र माणूस शोधणं हे नैतिक कर्तव्य झालं. ही माझी सवय आहे. एखाद्या कामात उगीच पाय घातला की लवकरच ते कर्तव्य होतं.

केमिस्ट्रीतून निघायला तयार असलेला एकच मुलगा सापडला : सटवाजीचा अमृत. पण त्याला वनस्पतिशास्त्र नको, प्राणिशास्त्र पाहिजे. "जनावरं समजतात मला सर, ते रेणू न्हाई समजत." प्राणिशास्त्रात जागा नव्हती. मी निराश होऊन घरी आलो, तर शेजारून रडण्याचा आवाज. शिवकन्या प्रयोगशाळेतून पळून आली होती. बरणीतला बेडूक आपल्याकडे बघतो, पुन्हा त्या खोलीत पाय ठेवणार नाही, असं ती आजोबांना सांगत होती.

मी ओट्यावरून विचारलं, "शिवकन्या, झाडं चालतील का गं?"

ती नाक पुसत म्हणाली, "झाडं बघत न्हाईत."

साखळी! आमच्या खात्यात याला साखळी बदली म्हणतात आणि ती जमवणाऱ्याचं नाव लोक काढतात. भक्ती केमिस्ट्रीत, अमृत प्राणिशास्त्रात, शिवकन्या वनस्पतिशास्त्रात. गीता मॅडमचा वर्ग शाबूत. मी तिन्ही घरांच्या सह्या गोळा केल्या. सटवाजीने अंगठ्याला शाई लावून घेतली आणि विचारलं, "गुरुजी, पोरगं पुन्ना तिकडं तर न्हाई ना धाडणार? एकदा हाकललं की हाकललं."

"माझा शब्द," मी म्हणालो.

व्यंकटराव म्हणाले, "सर, तुमी मंत्री व्हायला पायजे व्हतं." हे मला मनापासून पटलं.

फाईल तयार होऊन प्राचार्यांच्या टेबलावर जायला पुष्कळ दिवस गेले. ज्या दिवशी आदिनाथांनी कळवलं की शुक्रवारी सही होणार, त्या दिवशी मी पेढे आणले. मुलीला रसायनशास्त्र मिळालं म्हणून पेढे वाटणारा सेलूतला मी पहिला बाप असेन. लोकांनी फार्मसीचे समजून खाल्ले. मी कुणाची समजूत काढली नाही.

*

मंगळवार. संध्याकाळ.

"पप्पा, जिंतूरच्या फार्मसीला नंबर लागलाय. गुरुवारपर्यंत हजर व्हायचंय."

"शुक्रवारी सही आहे," मी म्हणालो.

शुभदाने गॅस बंद केला आणि बाहेर आली.

"अहो, आपण मेजर कशासाठी शोधत होतो?"

दोन-अडीच महिन्यांत इतकं काही झालं होतं की सुरुवातीला काय होतं ते आठवायला थोडा वेळ लागला.

"फार्मसीसाठी," भक्ती म्हणाली, अगदी शांतपणे.

"हो, पण साखळीचं काय? एक कडी निघाली तर सगळे मागे जातील. अमृत रेणूंत, शिवकन्या बेडकापाशी. मी शब्द दिलाय."

"आणि मी?"

"पुढच्या फेरीत पुन्हा लागेल की," मी म्हणालो. बोलल्याबरोबर मला कळलं की हे वाक्य चांगलं नाही. परंतु मार्गदर्शकाला वाक्य मागे घेण्याची सवय नसते.

*

बुधवारी आमच्या ओसरीत बैठक. व्यंकटराव खुर्चीत. सटवाजी खाली बसला. खुर्ची दिली तर म्हणाला, तिच्यात झोप येते.

"सर, पोरीनं लय चांगलं केलं," व्यंकटराव म्हणाले. "पण इज्जतीचा सवाल हाय. सही होऊस्तोर कुणी हलू ने. माझी नात तीन दिवसांपासून जेवना."

"बेडकामुळं?"

"न्हाई, भक्तीला लागली फार्मसी, आता मैत्रीण जानार, म्हनून."

"मंग जाऊ द्या की पोरीला," सटवाजी म्हणाला.

"तू गप रे. तुझं पोरगं परत केमिस्ट्रीत जाईल."

सटवाजीने विचार केला. "जाऊ ने म्हना. पन गुरुजी, कळपातलं एक चुकलं तर आमी बाकीचे मागं न्हाई वळवत. पुडं नेतो अन् चुकलेलं हुडकतो."

"हे कॉलेज आहे, सटवाजी," मी म्हणालो.

"व्हय, तेबी हायच."

शेवटी असं ठरलं की मी गुरुवारी सकाळी प्राचार्यांना भेटून सही एक दिवस अलीकडे आणावी. मग भक्ती दुपारी जिंतूरला जाऊ शकेल. ठराव सर्वानुमते झाला. भक्ती त्या वेळी आत होती. तिचं मत कुणी घेतलं नाही. ती साखळीतली कडी होती, बैठकीची सदस्य नव्हती.

*

गुरुवारी कापसाच्या टेम्पोंनी रस्ता अडवला होता. जिनिंगच्या दारापासून पार बाजारापर्यंत रांग. मी मोटारसायकल ढकलत कॉलेजात पोचलो तोवर शर्टावर कापूस आणि कपाळावर पोत्याचा ओरखडा होता. प्राचार्य परभणीला मीटिंगला गेले होते. मी आदिनाथांसमोर बसलो.

"आदिनाथराव, एका पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"सर, ऐका तर..."

"आधी मला बोलू द्या. एका बाजूला माझी मुलगी, दुसऱ्या बाजूला माझा शब्द. फार्मसी गेली तर ती मला माफ करणार नाही. साखळी तुटली तर गाव करणार नाही."

"तुटत न्हाई, सर."

"तुम्हाला काय जातं म्हणायला!"

"न्हाई तुटत." त्यांनी फाईल माझ्याकडे वळवली. "हे बघा. भक्ती गेली. तिची वनस्पतिशास्त्रातली जागा खाली झाली, तिथं शिवकन्या. शिवकन्येच्या जागी अमृत. अमृतची केमिस्ट्रीतली जागा खाली राहिली, राहू द्या की. उलट लोक मागायलेत."

मी फाईल पुढे ओढली. तिन्ही नावांवर बोट फिरवून पाहिलं, उलट दिशेनेही फिरवलं. सगळ्या साखळीत एकच कडी अशी होती जी नसती तरी चाललं असतं. ती मी जोडली होती.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुमी बोलू देता का?" आदिनाथ म्हणाले. "आन् सर, खाली सही करायची तर भक्तीचं नाव खोडावंच लागतंय. तिची टीसी तर सोमवारीच गेली. गीता मॅडमनी स्वतः येऊन सही केली अन् स्वतः माझ्या मागं लागून काढून नेली. मला वाटलं, तुमाला माहीत हाय."

मी हो म्हणालो. मान हलवली आणि हो म्हणालो. माणसाजवळ शेवटी तेवढंच राहतं.

*

घराला कुलूप होतं. व्यंकटराव ओट्यावरून म्हणाले, "मायलेकी पहिल्या गाडीनं गेल्या. मी इचारलं कुठं, तर वहिनी म्हनल्या, कामाला."

मी मोटारसायकल जिंतूरकडे वळवली, तर देवगाव फाट्यावरच मला त्या परत येताना दिसल्या. जिंतूरहून आलेली गाडी त्यांना फाट्यावर उतरवून गेली होती आणि सेलूच्या गाडीची वाट बघत दोघी टपरीपुढच्या बाकावर बसून भजी खात होत्या. भक्तीच्या मांडीवर कागदांची पिशवी होती. तिने ती दोन्ही हातांनी धरली होती, म्हणून तिला भजी शुभदा भरवत होती.

मी मोटारसायकल लावली. बोलायचं ते वाटेत तयार केलं होतं : जा बेटा, मी तुला मोकळं केलं, साखळीची काळजी करू नकोस. छान जमलं होतं.

"झालं?" मी म्हणालो.

"झालं," भक्ती म्हणाली.

"त्यांनी मेजर विचारलं का?"

"नाही."

शुभदाने माझ्याकडे पाहिलं, पदराने माझ्या खांद्यावरचा कापूस झटकला आणि टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला. भक्तीने पिशवी माझ्याकडे धरायला दिली आणि स्वतःच्या हाताने भजं उचललं. पिशवी हलकी होती. मी ती दोन्ही हातांनी धरली.

नंबर लागल्याचा मेसेज भक्तीला शनिवारी आला होता. मला तिने मंगळवारी सांगितलं.